आतून लावलेले दार



एका शनिवारी रात्री आमच्या हातून जे घडले ते सांगून आरंभ करतो. तो आठवडा धावपळीचा गेला होता. आजाऱ्यांच्या भेटी, एक अंत्यविधी, दोन भावांमधला घराचा वाद, ह्या सर्वांत रविवारचा संदेश तयार करण्यास वेळ मिळाला नाही. रात्री नऊ वाजता आम्ही मंडळीच्या कार्यालयात जाऊन बसलो. तेथे एकच संगणक आहे. त्यावर सेक्रेटरी मंडळीचा हिशेब ठेवतात, तरुणसंघाची मुले नाताळची पत्रके करतात आणि शब्बाथशाळेच्या शिक्षिका धड्यासाठी चित्रे शोधतात. आम्ही ब्राउझर सुरू केला आणि त्यातली ती दुसरी खिडकी उघडली, जिच्यावर टोपी आणि चष्मा ह्यांचे चित्र असते. गूगल क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. त्या खिडकीतून आम्ही दुसऱ्या एका उपदेशकाचा तयार संदेश शोधला, तो संगणकावर उतरवून घेतला, वहीत लिहून काढला, खिडकी बंद केली आणि निश्चिंत मनाने घरी गेलो. मागे काही खूण राहिली नाही असे आम्हांला वाटले.

सकाळी उपासनेच्या आधी सेक्रेटरी आमच्याजवळ आले. वयस्कर, साधे गृहस्थ. म्हणाले, "पाळकसाहेब, संगणकात एक संदेश उतरवून ठेवलेला दिसला. आजचाच असावा. छापून ठेवू का? ज्यांना ऐकू कमी येते त्यांना देता येईल." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खिडकीतून उतरवून घेतलेली फाइल खिडकी बंद केल्यावरही संगणकात राहते, हे आम्हांला त्या क्षणी समजले. आम्ही "नको" एवढेच म्हटले. मग व्यासपीठावर जाऊन तोच संदेश आपला म्हणून दिला. उपासना सुटल्यावर दारात चौघांनी हात मिळवून सांगितले की, आजचा संदेश फार लागला. सेक्रेटरींनीही हात मिळवला, पण ते काही बोलले नाहीत. ह्या गोष्टीचा शेवट पुढे येईल.

ती खिडकी म्हणजे काय हे आधी नीट समजून घेऊ, कारण आज ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात असते आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ॲपल कंपनीने २००५ साली आपल्या सफारी ब्राउझरमध्ये ही सोय दिली. २००८ साली गूगल क्रोममध्ये, आणि २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये व मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये ती आली. तिचे काम मर्यादित आहे. खिडकी बंद झाली की आपण उघडलेल्या पानांची यादी, अर्जांत भरलेला मजकूर आणि संकेतस्थळांनी आपल्या यंत्रात ठेवलेल्या कुकी नावाच्या चिठ्ठ्या त्या फोनवर किंवा संगणकावर राहत नाहीत. उतरवून घेतलेली फाइल मात्र राहते. खूण करून ठेवलेले पानही राहते. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो त्याला आपले येणे कळते. ज्या कंपनीचे इंटरनेट आपण वापरतो तिला, आणि कचेरीचे किंवा कॉलेजचे इंटरनेट असल्यास ते सांभाळणाऱ्याला, आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे कळू शकते. शिवाय त्या खिडकीत आपण नाव व पासवर्ड घालून कोठे शिरलो, तर आपण कोण हे पलीकडच्याला नावानिशी समजते.

२०१८ साली शिकागो विद्यापीठातील व जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी ४६० लोकांना ह्याविषयी प्रश्न विचारले. आपल्या गूगल खात्यात शिरलेले असतानाही ह्या खिडकीतून शोधलेले काही नोंदले जात नाही, असे त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते. तेव्हा फसलेले आम्ही एकटेच नव्हतो.

अमेरिकेत तर हे प्रकरण न्यायालयात गेले. जून २०२० मध्ये काही लोकांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गूगलवर दावा लावला. खाजगी म्हणून उघडलेल्या खिडकीतही कंपनी आपला माग ठेवते, अशी त्यांची तक्रार होती. दावा निराधार आहे हे म्हणणे कंपनीने सोडले नाही, तरी डिसेंबर २०२३ मध्ये उभय पक्षांत समझोता झाला आणि त्याच्या अटी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयापुढे आल्या. अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे किंवा त्यांतून माणसाची ओळख काढून टाकण्याचे कंपनीने कबूल केले. त्या खिडकीवरच्या सूचनेचे शब्दही २०२४ च्या आरंभी बदलले. संकेतस्थळे आणि त्यांवरील सेवा, त्यांत गूगलही आले, जी माहिती गोळा करतात तिच्यात ह्या खिडकीने फरक पडत नाही, असे त्या सूचनेत सांगण्यात आले.

आता आपण एक प्रश्न स्वतःला विचारू. ही खिडकी मग लपवते तरी कोणापासून? दूरच्या कंपनीपासून ती आपल्याला लपवीत नाही. ती लपवते त्या माणसापासून, जो आपल्यामागून तोच फोन हातात घेतो. म्हणजे पत्नीपासून, पतीपासून, आईबापांपासून, एका छपराखाली राहणाऱ्या भावाबहिणींपासून. आमच्या बाबतीत त्या प्रामाणिक सेक्रेटरींपासून. ज्यांना आपली काळजी आहे त्यांच्यासाठी आपण दार आतून लावून घेतो, आणि ज्यांना आपल्या पैशाशी व आपल्या सवयींशी तेवढी कर्तव्य आहे, त्यांच्यासाठी मागचे दार उघडेच राहते. असले दार लावण्यात शहाणपण आहे काय?

असेच दार लावून बसलेले एक बंधू दुसऱ्या गावच्या एका मंडळीतून आमच्याकडे आले होते. कारखान्यात कायमची नोकरी, गानवृंदात गाणारे, पत्नी शब्बाथशाळेत शिकवणारी. रात्री घर निजले की ते फोनवर ती खिडकी उघडून पैसे लावून पत्ते खेळत. सकाळी पत्नीच्या हातात फोन दिला तरी तिला काही दिसत नसे. बँकेचे संदेश ते आधीच पुसून टाकीत. दीड वर्ष असे चालले. पहिल्यांदा बचत गेली, मग पतपेढीचे कर्ज झाले, मग तिच्या आईने दिलेल्या बांगड्या गहाण पडल्या. शेवटी तगाद्याचा माणूस दारात आला तेव्हा तिला कळले. त्या बंधूंनी आम्हांला सांगितले, "पाळकसाहेब, नंतर हिशेब करीत बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले. खेळ चालवणाऱ्या कंपनीला माझा पगार कोणत्या तारखेला होतो हे ठाऊक होते, कारण त्याच दिवशी त्यांचे आमिष येई. बँकेला ठाऊक होते. पतपेढीच्या कारकुनाला ठाऊक होते. सोनाराला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एका तिलाच, आणि सावरायला तेवढी तीच होती."

त्या भगिनी शेजारीच बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पैसे गेले ह्याचे दुःख आहेच. पण दीड वर्ष रोज रात्री मी कोणाबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करीत होते, हे मला कळेनासे झाले आहे."

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात केला. तो झाला हे बरे झाले. परंतु कायदा खेळ बंद करू शकतो. माणसाने आतून लावलेले दार कायद्याला उघडता येत नाही.

पवित्र शास्त्रात दावीद राजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील ११ वा व १२ वा अध्याय ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. राजाने गच्चीवरून उरीयाच्या पत्नीला पाहिले, तिची चौकशी करविली आणि माणसे पाठवून तिला आणविले. ती गरोदर असल्याचा निरोप आला तेव्हा त्याने मागची खूण पुसण्याचा बेत केला. उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतले, त्याला घरी जाऊन विसावा घेण्यास सांगितले. तो राजवाड्याच्या दाराशीच निजला, कारण त्याचे सोबती उघड्या माळावर होते. मग राजाने त्याच्याच हाती यवाबाकडे चिठ्ठी दिली आणि त्या चिठ्ठीत त्याचे मरण लिहिले होते. आता मोजा, हे गुपित किती जणांना ठाऊक झाले होते. चौकशी करणाऱ्याला ठाऊक होते, आणावयास गेलेल्यांना ठाऊक होते, यवाबाला अर्धे तरी कळलेच असेल. ज्याचा अपराध केला त्याच्यापासून मात्र ते लपवायचे होते. दाविदाची खिडकी आणि आपली खिडकी ह्यांत काय अंतर आहे?

उरीया मेला, शोकाचे दिवस सरले, ती स्त्री राजवाड्यात आली. दप्तर स्वच्छ झाले. पण हिस्टरी पुसली तरी इतिहास पुसला जात नाही. देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवले, आणि नाथानाने राजाला एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली. राजा रागावला, दुसऱ्याच्या पापाचा न्याय करावयास निघाला, आणि तो न्याय स्वतःच्याच पदरात पडला. तेथे दाविदाने एक गोष्ट केली, जी त्याला इतका वेळ करता आली नव्हती. त्याने आपला अपराध तोंडाने कबूल केला. स्तोत्रसंहितेतील ५१ वे स्तोत्र त्या प्रसंगाचे म्हणून दिलेले आहे. त्यात तो देवाजवळ हेच मागतो की, माझे अपराध तू पुसून टाक. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तोवर तो स्वतःच पुसू पाहत होता. आपण पुसतो तेव्हा डाग झाकतो, आणि देव पुसतो तेव्हा डाग जातो. पण देवाने पुसावे म्हणून तो आधी त्याला दाखवावा लागतो. न्यायालयाच्या दडपणाखाली कंपन्या नोंदी नष्ट करतील, त्याने आपली अब्रू झाकली जाईल. आपल्या अंतःकरणाची शांती त्यातून मिळणार नाही. ती ख्रिस्ताच्या वधस्तंभापाशीच मिळते, आणि तेथे टोपी व चष्मा घालून जाता येत नाही.

आणि दाविदाला क्षमा झाल्यावर सारे पूर्ववत झाले असेही नाही. ते मूल वाचले नाही, आणि पुढे त्याच्या घरात दुःखावर दुःख आले. क्षमा मिळाली तरी कर्ज फेडावे लागते. त्या बंधूंना आम्ही हेच सांगितले. आज ते दर महिन्याला पगार पत्नीच्या हाती देतात. तिचा विश्वास अजून पूर्ण परत आलेला नाही. ते तो मागत नाहीत, वाट पाहतात.

येथे एका गैरसमजाविषयी सावध केले पाहिजे. हे वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वांचे फोन उघडे असावेत, कोणी काही खाजगी ठेवू नये. असे आमचे म्हणणे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ख्रिस्ती माणसाला ह्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभूनेच आपल्याला आतल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करण्यास शिकवले आहे. दान करताना एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू देऊ नये इतकी गुप्तता त्याने सांगितली. तेव्हा दार लावणे हे मुळात पाप नव्हे. दार लावून आत कोणाशी बोलता, हा प्रश्न आहे.

त्या खिडकीचे चांगले उपयोग पुष्कळ आहेत. कोणी सायबर कॅफेत किंवा मंडळीच्या संगणकावर आपली टपाल पाहत असेल तर त्याने तीच खिडकी उघडावी, म्हणजे मागून येणाऱ्याच्या हाती आपले खाते पडणार नाही. एखाद्याला आजाराविषयी वाचायचे असते आणि घरच्यांना उगाच घोर लावायचा नसतो. एखाद्या भगिनीला घरात मार बसतो आणि मदत कोठे मिळेल हे तिला शोधायचे असते. मारणारा तिचा फोन तपासतो. तिच्यासाठी ती खिडकी म्हणजे आडोसा आहे, आणि तिने तो जरूर घ्यावा. अशा भगिनींसाठी १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, हेही येथे सांगून ठेवतो. मात्र तो आडोसा पातळ आहे हे तिला ठाऊक असावे. फोनमध्ये कोणी पाळत ठेवणारे ॲप घातले असेल तर ती खिडकी त्याला अडवू शकत नाही. अशा वेळी विश्वासाच्या दुसऱ्या माणसाचा फोन वापरणे बरे.

मग चांगले दार आणि वाईट दार कसे ओळखावे? ब्राउझर बनवणारे ह्या खिडकीची शिफारस करताना भेटवस्तूचे उदाहरण देत असत. पत्नीच्या वाढदिवसाची वस्तू शोधताना तिला आधी कळू नये, म्हणून ही सोय. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, भेटवस्तूंच्या दुकानांपेक्षा अश्लील चित्रांच्या संकेतस्थळांवर ह्या खिडकीचा वापर अधिक होतो. हे वाचून आम्हांला नवल वाटले नाही, आपल्यालाही वाटणार नाही. ह्या दोन गुपितांत भेद करण्यास मोठी विद्या लागत नाही. भेटवस्तूचे गुपित एके दिवशी उघडायचे असते आणि उघडल्यावर दोघांना आनंद होतो. दुसरे गुपित उघडू नये म्हणून माणूस रात्री जागतो. पहिले हलके असते आणि दुसऱ्याचे ओझे होते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हा भेद एवढ्याच शब्दांत शिकवावा. ओझ्याचे गुपित एकट्याने वाहायचे नसते, ते विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे असते. आणि एखाद्या मोठ्या माणसाने मुलाला असे ओझ्याचे गुपित ठेवावयास सांगितले असेल, तर ते तत्काळ सांगायचे असते. अशा मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. वर्गाच्या भिंतीवर तो लिहून ठेवा.

शिक्षकांना आमची आणखी एक विनंती आहे. मुलांना शिस्त लावताना आपण सहज म्हणून जातो, "देव बघतो आहे हं!" आम्हीही पुष्कळदा म्हटले आहे. त्यातून मुलाच्या मनात देवाचे चित्र कसे उमटते? गल्लीच्या कोपऱ्यावर काठी घेऊन उभ्या असलेल्या शिपायाचे. मग ते मूल मोठे होते आणि जसे आईबापांपासून तसे देवापासूनही दार लावून घेते. त्याऐवजी उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायातील हागारेची गोष्ट सांगा. ती दासी होती, परक्या देशची होती, गरोदर होती, छळ सोसवेना म्हणून रानात पळाली होती. कोणी तिच्या मागावर गेले नाही. रानातल्या झऱ्यापाशी देवाच्या दूताने तिला गाठले. त्याने तिला नावाने हाक मारली आणि तिच्या येण्याजाण्याची विचारपूस केली. त्या अध्यायात अब्राम व साराय तिच्याविषयी बोलतात तेव्हा तिला दासीच म्हणतात. नावाने हाक रानातच ऐकू आली. तेव्हा तिने देवाला पाहणारा देव असे नाव दिले, आणि ते भीतीने दिले नाही. कोणीतरी आपल्याला पाहिले, ह्यात तिचा जीव वाचला होता.

आपल्याला पाहणारे दोन आहेत, बंधुभगिनींनो. व्यापारी पाहतो तो विकण्यासाठी. आपली कोणती दुर्बलता कोणत्या घटकेला जागी होते, ह्याची तो नोंद ठेवतो आणि त्याच घटकेला पुढे येतो. देव पाहतो तो सोडवण्यासाठी. तीच दुर्बलता त्यालाही ठाऊक आहे, आणि तिच्यासाठी त्याने आपला पुत्र दिला. पहिल्याच्या नजरेतून सुटणे आपल्याला फारसे साधत नाही. दुसऱ्याच्या नजरेतून सुटण्याची इच्छा का धरावी?

आईबापांसाठी थोडे सांगतो. लहान मुलांच्या फोनला कुलूप असणे योग्य आहे. गूगलच्या फॅमिली लिंक ह्या सोयीखाली मुलाचे खाते ठेवले तर त्या खात्यावर क्रोममधली इन्कॉग्निटो खिडकी उघडत नाही. पण मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की कुलपे पुरत नाहीत, आणि रात्री चोरून त्याचा फोन चाळणे म्हणजे आपणच त्याला लपण्याचा धडा देणे होय. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि आपल्या स्वतःच्या मोहाची एक खरी गोष्ट त्याला सांगा. बाप पडला होता आणि उठला, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते पडल्यावर बापाकडे येते. आपला बाप कधी पडलाच नाही असे ज्याला वाटते, ते दुसरीकडे जाते.

शेवटी मंडळी म्हणून आपला दोष पाहू. आपल्या मराठी मंडळ्या गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत आणि बेळगावपासून हैदराबादपर्यंत विखुरलेल्या आहेत. त्या लहान आहेत आणि सोयरीकसंबंधांनी एकमेकींना बांधलेल्या आहेत. हा आपला मोठा आशीर्वाद आहे. पण बेळगावात एखाद्याचा पाय घसरला तर दोन दिवसांत बडोद्याला कळते, कारण कोणाची बहीण तिकडे असते आणि कोणाचे मेहुणे इकडे. सहानुभूतीच्या नावाने सुरू झालेली गोष्ट फोनवरून फोनवर जाता जाता चवीची होते. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेले नाव चहाबरोबर चघळले जाते. मग आपला मोह कोणी कोणाजवळ बोलावा? प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी पाळकाच्या कानात पापांगीकार करण्याची सक्ती ठेवली नाही, आणि ते ठीक झाले. पण याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ आपली पातके कबूल करण्याची आज्ञा आहे, ती आपल्यासाठीही आहे, आणि तीही आपण हळूहळू सोडून दिली. दार आतून लावून बसलेल्या माणसाला आपण दोष देतो. बाहेर विश्वासाने उभे राहणारे कोणी होते काय, हे विचारीत नाही. जो गानवृंदातला भाऊ दीड वर्ष बुडत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना दर रविवारी दोघे जण उभे राहून गात होते.

म्हणून ह्या महिन्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. एक, देवासमोर आपली बंद खिडकी उघडावी आणि मग एका माणसासमोरही उघडावी. एकच माणूस, पण खरा, तोंडाला कुलूप असलेला. दुसरी, कोणी आपल्यासमोर अशी खिडकी उघडली तर ऐकलेले आपल्याजवळच पुरावे. कोणाच्या जिवाला किंवा एखाद्या लेकराला धोका असेल तेवढाच अपवाद करावा, आणि तोही मदत आणण्यापुरता.

आता त्या शनिवारच्या गोष्टीचा शेवट. पाच आठवडे आम्ही सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाहू शकलो नाही. सहाव्या आठवड्यात, वर सांगितलेले ते दांपत्य आमच्याकडे येऊन गेले त्याच संध्याकाळी, आम्ही कार्यालयात गेलो. ते वर्गणीच्या पावत्या जुळवीत होते. त्यांच्यासमोर बसून आम्ही सर्व सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला त्याच दिवशी समजले होते. पहिले वाक्य ऐकताच समजले. मी कोणाला बोललो नाही. घरी बायकोलाही नाही. तुम्ही याल म्हणून दर शनिवारी इथे थोडा उशिरापर्यंत बसत होतो." मग आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. पुढच्या रविवारी संदेश अगदी लहान झाला आणि विशेष चांगलाही झाला नाही. पण तो आमचा होता. त्यात आम्ही मंडळीला ही हकिकत सांगितली, आणि त्या दिवशी दारात हात मिळवताना एका तरुणाने आमचा हात लवकर सोडला नाही. तो म्हणाला, "साहेब, शनिवारी भेटायला आलो तर चालेल काय?"

आता दर शनिवारी आम्ही दोघेही उशिरापर्यंत बसतो. कार्यालयाचे दार लोटलेले असते. त्याला आतून कडी नाही.